पहिला गारवा : आदिविश्वातल्या रेणूंचा हिशेब कुठवर आला?

जानेवारीतल्या निरभ्र रात्री दापोलीत पारा कधी कधी दहाच्या खाली उतरतो. खाली हर्णैच्या किनाऱ्यावर तेवढी थंडी नसते. हापूसच्या मोहरासाठी बागायतदार या थंडीकडे डोळे लावून बसलेला असतो आणि आभाळ आले की त्याचा जीव खालीवर होतो. रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त प्रारणाच्या रूपाने आकाशाकडे सोडते; ते प्रारण अडवून परत पाठवण्याचे काम ढग, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड करतात. कोरड्या हवेचा नव्व्याण्णव टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, पण हे दोघे या देवघेवीत जवळजवळ नसल्यासारखेच. दोन सारख्या अणूंचा रेणू विद्युतभाराच्या दृष्टीने दोन्ही बाजूंना सारखा असतो. प्रारण सहज सोडायला भाराचा जो असमतोल लागतो तो त्याच्याकडे नाही.

हायड्रोजनचा रेणू याच जातीचा. विश्वातल्या पहिल्या ताऱ्यांसाठी वायू थंड करण्याचे काम मात्र नेमके त्याच्यावर येऊन पडले, कारण दुसरे कोणी हजरच नव्हते. हे काम त्याने कसे केले, कुठवर केले आणि त्यातून जन्मलेले तारे केवढे होते, या प्रश्नांवर सुमारे साठ वर्षे काम चालू आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ठरले आहे, शेवटच्याचे अजिबात नाही. या साठ वर्षांकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. खगोलशास्त्रातले वाद दुर्बिणी मिटवतात असे आपण धरून चालतो. या वादाने मात्र अनेक वळणे घेतली ती प्रयोगशाळेत किंवा कागदावर कुठल्यातरी रासायनिक अभिक्रियेचा वेग नव्याने ठरला म्हणून.

थंड होण्याची गरज

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्वाचे तापमान ३,००० केल्विनच्या आसपास आले आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन जोडले जाऊन हायड्रोजनचे अणू झाले. वस्तुमानाने सुमारे ७६ टक्के हायड्रोजन आणि २४ टक्के हेलियम. हायड्रोजनच्या लाखभर अणूंमागे ड्युटेरियमचे (जड हायड्रोजनचे) दोन-अडीच अणू, आणि लिथियम तर अब्जात एखादासुद्धा नाही. कार्बन नाही, ऑक्सिजन नाही, धूळ नाही.

हा वायू विश्वाच्या प्रसरणाबरोबर आपोआप गार होत होता. सुमारे एक कोटी वर्षांनंतर तर त्याचा महास्फोटातून उरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाशी असलेला संबंध सुटला आणि तो प्रारणापेक्षाही लवकर थंडावू लागला. मोकळ्या पसरलेल्या वायूला गारव्याची वानवा नव्हती. अडचण उभी राहते ती वायू एकत्र येऊ लागल्यावर. कृष्णद्रव्याच्या गोळ्यात वायू ओढला गेला की दाबला जातो, दाबला गेला की तापतो, आणि तापलेल्या वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला थोपवून धरतो. अशा पहिल्या गोळ्यांचे वस्तुमान सूर्याच्या एक लाख ते दहा लाख पट असावे आणि ते महास्फोटानंतर १० ते १८ कोटी वर्षांच्या दरम्यान तयार झाले असावेत, यावर आज फारसे दुमत नाही. त्यांच्यातल्या वायूचे तापमान हजार ते काही हजार केल्विन. हायड्रोजनच्या अणूला प्रारण सोडण्यासाठी आधी १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टची पायरी चढावी लागते आणि आठ-दहा हजार केल्विनच्या खाली आपसातल्या टकरींतून एवढी ऊर्जा मिळत नाही. हेलियमची पायरी आणखी उंच. अणूंच्या भरवशावर हा वायू तसाच तापत पडून राहिला असता.

रेणूचे तसे नाही. तो गरगर फिरू शकतो, आणि फिरण्याच्या पायऱ्या अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी ठेंगण्या असतात.

रेणू जुळला कसा

आजच्या विश्वात हायड्रोजनचे रेणू मुख्यतः धुळीच्या कणांवर जुळतात. दोन सुटे अणू एकमेकांवर आदळले तर जोडले जाताना सुटणारी ऊर्जा त्यांना टाकता येत नाही आणि ते पुन्हा सुटे होतात. धुळीचा कण ती ऊर्जा घेतो. धूळच नसेल तर काय, याचे उत्तर १९६७ मध्ये विल्यम सॅसलॉ आणि डेव्हिड झिपॉय यांनी दिले : प्रोटॉनला अणू चिकटून हायड्रोजन रेणूचा धनभारित आयन होतो आणि त्याच्यापासून पुढे रेणू. पुढच्याच वर्षी जेम्स पीबल्स (२०१९ चे नोबेल मानकरी) आणि रॉबर्ट डिकी यांनी दुसरा, जास्त फलदायी मार्ग हिशेबात घेतला. जपानात क्योटोच्या गटानेही १९६९ च्या सुमारास हीच गणिते मांडली.

तो दुसरा मार्ग जरा जवळून पाहण्यासारखा आहे, कारण सगळी पुढची चर्चा त्याच्यावर उभी आहे. अणू जुळून झाल्यावरही काही इलेक्ट्रॉन मोकळे राहिले, पाच हजार अणूंमागे साधारण एक. असा एखादा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या अणूला चिकटतो आणि ऋणभारित आयन तयार होतो. या आयनावर दुसरा अणू आदळला की रेणू जुळतो आणि सुटलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पुढच्या जोडीसाठी मोकळा. म्हणजे इलेक्ट्रॉन इथे उत्प्रेरक. फक्त तो ऋण आयन फार कच्चा आहे. पाऊण इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळाली तरी तुटतो, आणि त्या काळचे पार्श्वभूमी प्रारण त्याला ती सहज पुरवत होते. महास्फोटानंतर दीड-पावणेदोन कोटी वर्षे उलटल्यावर प्रारण पुरेसे निवले आणि हा मार्ग मोकळा झाला. पण तोवर वायू इतका विरळ झाला होता की दहा लाख अणूंमागे एखाददोन रेणू जुळले आणि कारखाना थंडावला.

कृष्णद्रव्याच्या गोळ्यात वायू दाट झाल्यावर तो पुन्हा सुरू होतो. प्रमाण वाढत जाऊन हजार ते दहा हजार अणूंमागे एक रेणू इथवर येते. एवढ्याने भागते का? १९९७ मध्ये मॅक्स टेगमार्क आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला : दोन हजारांमागे सुमारे एक रेणू असेल तर गोळा वेळेत थंड होतो. मिठाच्या चिमटीएवढे हे प्रमाण, पण त्याच्यावर ताऱ्यांची पहिली पिढी अवलंबून होती.

आता सुरुवातीची अडचण. हायड्रोजनचा रेणू प्रारण सोडतो तो नाइलाजाने सोडल्यासारखा, अतिशय सावकाश. त्याच्या फिरण्याची पहिली उपयोगी पायरी ५१२ केल्विनएवढ्या ऊर्जेची आहे; ती उतरताना २८ मायक्रॉन लांबीची अवरक्त लहर बाहेर पडते. टकरींतले वेगवान रेणू धरले तरी २०० केल्विनच्या आसपास ही पायरी चढणारे रेणू संपत येतात आणि गारवा तिथेच अडतो. शिवाय घनता घन सेंटीमीटरमागे दहा हजार कणांच्या वर गेली की रेणू प्रारण सोडण्याआधीच पुन्हा टक्कर खातो आणि थंड होण्याचा वेग घनतेच्या मानाने मागे पडतो. या दोन आकड्यांपाशी, २०० केल्विन आणि दहा हजार कण, वायू रेंगाळतो. तिथे स्वतःच्या भाराने कोसळू शकणारा ढग निघतो सूर्याच्या शेकडो ते हजारपट वस्तुमानाचा. वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या संगणकी पद्धतींनी हाच मुक्काम गाठला आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत भक्कम निष्कर्ष हाच.

ऋण आयन आणि अणूच्या टकरीचा वेग मात्र दीर्घकाळ नीट माहीत नव्हता. प्रसिद्ध आकड्यांत सुमारे दहापट अनिश्चितता होती. कोलंबिया विद्यापीठातल्या होल्गर क्रेकेल, डॅनियल सॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी दोन कणझोत एकमेकांत मिसळून तो मोजला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ही फट बुजली.

सर्वांत पहिला रेणू आणि कोकणातले एक ग्रहण

हायड्रोजनचा रेणू सर्वांत कामाचा असला तरी सर्वांत पहिला नव्हता. हेलियमच्या अणूंनी आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या आधी धरले. आजूबाजूला प्रोटॉनची गर्दी होती. हेलियम अणूला प्रोटॉन चिकटून झालेला हेलियम हायड्राइड आयन हा विश्वातला पहिला रासायनिक बंध मानला जातो.

हेलियम म्हटले की कोकणातल्या माणसाला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण तिथून दिसले होते आणि नॉर्मन लॉकयरने किल्ल्यावरूनच हेलियम शोधला असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. नोंदी वेगळे सांगतात. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहणारा फ्रेंच निरीक्षक जूल जान्सन गुंटूरला होता. लॉकयरने आपली निरीक्षणे त्या वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना केली. ग्रहणपट्टा कोकणावरून गेला एवढे खरे, आणि तेवढेही काही कमी नाही.

हेलियम हायड्राइड प्रयोगशाळेत १९२५ मध्येच सापडला होता. आकाशात तो सापडायला २०१९ उजाडले. ‘सोफिया’ या विमानात बसवलेल्या दुर्बिणीने एनजीसी ७०२७ या बिंबाभ्रिकेत त्याची १४९ मायक्रॉनची खूण पकडली. रॉल्फ ग्युस्टेन यांच्या गटाचा हा शोध मोठ्या कौतुकाचा ठरला, पण एक गोष्ट विसरायला नको : ती बिंबाभ्रिका आपल्याच आकाशगंगेत, सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांवर आहे. मरणाऱ्या ताऱ्याभोवती तो रेणू नव्याने तयार होतो. आदिविश्वातला उरलेला नमुना नव्हे.

त्याचे महत्त्व दोन बाजूंनी. तो स्वतः प्रारण सोडू शकतो, आणि हायड्रोजनच्या अणूवर आदळला की त्यातून हायड्रोजन रेणूचा धन आयन होतो, म्हणजे सॅसलॉ-झिपॉय मार्गाला माल पुरवतो. ही दुसरी अभिक्रिया थंडीत मंदावते असे काही गणिते सांगत होती. तसे असते तर हेलियम हायड्राइड जास्त काळ साचून राहिला असता. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत आयनांना जवळजवळ अवकाशाएवढ्या थंडीत फिरवत ठेवणारे वलय आहे. तिथे ड्युटेरियम वापरून केलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत उलटे दिसले : थंडी वाढली तरी अभिक्रिया मंदावत नाही. त्यामुळे पहिल्या रेणूचे आदिविश्वातले अपेक्षित प्रमाण खाली आले. पहिल्या ढगांच्या गारव्यावर याचा किती परिणाम होतो, हे नव्याने मोजावे लागणार आहे.

दोन मदतनीस : एक बढती, एक घसरण

हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी ड्युटेरियम आला की रेणूचा समतोल किंचित बिघडतो, आणि बिघडलेला समतोल इथे फायद्याचा. त्याची पहिली पायरी १२८ केल्विनची आहे, त्यामुळे तो वायूला २०० केल्विनच्या पुष्कळ खाली, पार्श्वभूमी प्रारणाच्या तापमानापर्यंतही नेऊ शकतो. ड्युटेरियम दुर्मीळ असले तरी थंडीत ते रेणूत शिरणे पसंत करते, म्हणून रेणूंतले त्याचे प्रमाण मोकळ्या ड्युटेरियमच्या मानाने वाढते. अगदी पहिल्या ढगांत याचा प्रभाव थोडा. पण एखाद्या ताऱ्याने किंवा धक्कालहरीने आधी आयनीभूत करून सोडलेल्या वायूत इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून रेणू जास्त, आणि तिथे हा मदतनीस पुढे येतो. तशा वायूतून निघणारे तारे सूर्याच्या काही दहापट, म्हणजे पहिल्यांपेक्षा लहान, असे बहुतेक गणिते सांगतात. अशा वायूचे प्रमाण किती होते, यावर एकमत नाही.

लिथियम हायड्राइडची गोष्ट उलट. त्याचा भाराचा असमतोल प्रचंड, म्हणून रेणूमागे प्रारण सोडण्याची क्षमताही प्रचंड. १९८४ मध्ये स्टीफन लेप आणि मायकल शल यांनी त्याचा विचार मांडल्यावर बऱ्याच अपेक्षा निर्माण झाल्या. पार्श्वभूमी प्रारणावर त्याचे ठसे शोधण्याच्या योजनाही झाल्या. १९९६ मध्ये फिलिप स्टॅन्सिल, लेप आणि अलेक्झांडर डॅल्गार्नो यांनी तो जुळण्याचा काटेकोर गणिताने काढलेला वेग हिशेबात घेतला. पूर्वीचा अंदाज कित्येक पटींनी फुगलेला निघाला. एका आकड्याने हा उमेदवार शर्यतीतून जवळजवळ बाहेर पडला.

पहिला तारा केवढा?

खरा वाद इथे आहे.

ढग दाटत दाटत घन सेंटीमीटरमागे दहा कोटी कणांच्या पुढे गेला की तीन अणू एकदम आदळून त्यांतले दोन जुळू लागतात. तिसरा अणू धुळीच्या कणाचे काम करतो. पाल्ला, सॅलपीटर आणि स्टालर यांनी १९८३ मध्ये हे दाखवले. या टप्प्यावर जवळजवळ सगळा हायड्रोजन रेणुरूप होतो. पण रेणू जुळताना प्रत्येकी साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट उष्णताही सुटते, म्हणजे गारवा आणि ऊब दोन्ही एकाच कृतीतून. या तिहेरी टकरीचा वेग कोणता धरावा यावर आकड्यांची मोठी तफावत होती. २०११ मध्ये मॅथ्यू टर्क आणि सहकाऱ्यांनी एकाच ढगाची गणिते वेगवेगळे वेग घालून केली, तेव्हा ढगाचा आकार आणि आतली रचनाच बदलली. इतक्या दाट, गरम अवस्थेत हा वेग प्रयोगशाळेत मोजणे फार अवघड, म्हणून इथे भिस्त क्वांटम गणितांवर आहे.

तारा केवढा, यावर पहिले मत २००० च्या सुमारास घडले. टॉम एबल, ग्रेग ब्रायन आणि मायकल नॉर्मन यांच्या २००२ च्या गणितात एका गोळ्यात एकच तारा निघाला, सूर्याच्या ३० ते ३०० पट. फोल्कर ब्रॉम, पाओलो कोप्पी आणि रिचर्ड लार्सन यांचे निष्कर्षही मोठ्या ताऱ्यांकडेच झुकणारे होते. तर्क सरळ आहे. २०० केल्विनचा वायू आजच्या दहा केल्विनच्या ढगांपेक्षा फार वेगाने मध्यावर कोसळतो. वर्षाला सूर्याचा हजारावा हिस्सा किंवा त्याहून जास्त. आदितारा जन्मतो सूर्याच्या शतांशाएवढा, पण हजार वर्षांत सूर्याएवढा होतो आणि थांबायचे नाव घेत नाही.

या मताला पहिला धक्का २००९ मध्ये बसला, तो टर्क, एबल आणि ब्रायन ओशे यांच्या गणितात जुळे निघाल्यावर. २०११ मध्ये पॉल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आदिताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडीच फुटते आणि एकाऐवजी अनेक तारे निघतात. थॉमस ग्राइफ यांच्या गटाला त्याच वर्षी तसेच आढळले, आणि काही लहान तुकडे गोळ्याबाहेर भिरकावले जातात असेही. याच सुमारास ताकाशी होसोकावा आणि सहकाऱ्यांनी तिसरा मुद्दा आणला : तारा मोठा झाला की त्याचा अतिनील प्रकाशच वायूला हाकलून देतो. त्यांच्या गणितात वाढ थांबली ती सूर्याच्या ४३ पटींवर. २०१४ मध्ये शिंगो हिरानो यांच्या गटाने सुमारे शंभर ढग घेतले आणि वस्तुमानांची पट्टी दहापासून हजारापर्यंत पसरलेली मिळाली.

तबकडी फुटते यावर आज बहुतेकांचे एकमत आहे. फुटलेले तुकडे पुढे टिकतात की पुन्हा मधल्या ताऱ्यात पडतात, यावर नाही. एका बाजूचे म्हणणे असे की मोठा तारा बहुतेकांना गिळतो आणि जुने चित्र थोड्या डागडुजीने टिकते. दुसरी बाजू म्हणते की गणिताची बारकाई वाढवली की तुकड्यांची संख्याही वाढते, म्हणजे लहान ताऱ्यांना कमी लेखणे चुकीचे. दोन्ही बाजूंच्या मागे संगणकाची एकच मर्यादा आहे. तबकडीचे बारीक तपशील दाखवणारी गणिते थोड्याच काळापर्यंत पळवता येतात, आणि ताऱ्याची वाढ संपेपर्यंत पळवायची तर तपशील सोडावे लागतात. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, पण तो कल आहे, निष्कर्ष नव्हे.

रेणू तोडणारा प्रकाश

पहिले तारे पेटले की त्यांचा ११.२ ते १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाश दूरवर पसरतो आणि हायड्रोजनचे रेणू तोडतो. पहिल्या पिढीने पुढच्या पिढीचा गारवाच हिरावून घेतला असा निष्कर्ष झोल्टान हायमन, मार्टिन रीस आणि अब्राहम लोब यांनी १९९७ मध्ये काढला. पुढच्या गणितांनी त्याची धार कमी केली : दाट ढगाचा बाहेरचा थर आतल्या रेणूंना झाकतो आणि क्ष-किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन नवे रेणू जुळवतात. त्यात २०१० मध्ये दिमित्री त्सेलियाखोविच आणि क्रिस्टोफर हिराटा यांनी नवीच भर घातली. अणू जुळले तेव्हा साधा वायू आणि कृष्णद्रव्य यांच्यात सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरचा सापेक्ष वेग होता, त्यामुळे लहान गोळ्यांना वायू धरून ठेवणेच जड जाते.

रेणू पार नाहीसे झाले तर? मोठ्या गोळ्यातला वायू मग अणूंच्या गारव्यावर सुमारे ८,००० केल्विनला थांबतो, तुकडे न पडता कोसळतो, आणि सूर्याच्या लाखभर पट वस्तुमानाचे कृष्णविवर थेट तयार होऊ शकते. आदिविश्वातली अवाढव्य कृष्णविवरे इतक्या लवकर कशी झाली, याचे हे एक उत्तर. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन आणि सहकाऱ्यांनी अशा बीजांची लक्षणे आधी सांगून ठेवली होती; २०२३ मध्ये ‘चंद्रा’ आणि जेम्स वेब दुर्बिणींनी पाहिलेल्या, महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांच्या यूएचझेड-१ दीर्घिकेत ती जुळतात असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाच्या मते साध्या ताऱ्यांची कृष्णविवरेही काही काळ नेहमीच्या मर्यादेबाहेर वायू गिळत वाढली तर हिशेब जुळतो. रेणू तोडायला किती प्रकाश लागतो या एका आकड्यावर वेगवेगळ्या गटांत शेकडो पटींचा फरक आहे, आणि तो सुटेपर्यंत अशी बीजे दुर्मीळ की सर्रास, हे सांगता येणार नाही.

पुण्याची बाजू

महाराष्ट्रातून या विषयात भर पडली ती प्रामुख्याने पुण्यातून. तिथली आयुका ही खगोलशास्त्र संस्था उभारणाऱ्या जयंत नारळीकरांना महास्फोटच मान्य नव्हता आणि २०२५ मध्ये निधन होईपर्यंत ते आपल्या मतावर ठाम होते. त्यांच्या संस्थेत मात्र महास्फोटानंतरच्या रसायनाचा अभ्यास निर्वेधपणे चालला. ही गोष्ट संस्थेइतकीच त्यांच्याही लौकिकाला शोभणारी आहे.

आयुकातले कंदस्वामी सुब्रमणियन आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले शिव सेठी व बिमान नाथ यांनी २००८ मध्ये चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न मांडला. विश्वात आधीपासून अगदी क्षीण, आजच्या हिशेबाने एक अब्जांश गाउसच्या आसपासचे क्षेत्र असेल, तर त्याची ऊर्जा विरताना वायू तापतो. ताप वाढला की इलेक्ट्रॉन वाढतात आणि इलेक्ट्रॉन वाढले की रेणू. त्यांच्या गणितात रेणूंचे प्रमाण ५ ते १,००० पटींनी वाढले. ऊब द्यावी आणि गारवा मिळावा असा हा उलटा न्याय आहे. असे क्षेत्र खरोखर होते का, हे ठरलेले नाही. कोसळणाऱ्या वायूतल्या खळबळीमुळे क्षीण क्षेत्रही बळावते यावर मात्र आता बरीच सहमती आहे, आणि बळावलेले क्षेत्र तबकडीच्या फुटण्याला आळा घालते असे पियुष शारदा आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या गणितातून पुढे आले. आधीच्या वादात म्हणूनच चुंबकत्व हा मोठा अज्ञात घटक आहे.

आयुकाचेच आर. श्रीआनंद यांनी पॅट्रिक पेतिजाँ आणि सेड्रिक लेदू यांच्यासह दूरच्या क्वेसारच्या प्रकाशात वाटेतल्या वायूतले रेणू शोधण्याचे काम अनेक वर्षे केले. २००० मध्ये त्यांनी कार्बनच्या अणूंवरून सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीचे पार्श्वभूमी प्रारण ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान असल्याचे दाखवले. २००८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूवरून तोच आकडा ९.१५ केल्विन असा नेमका झाला. आज हे प्रारण २.७ केल्विन आहे. कोणताही रेणू वायूला या प्रारणाखाली थंड करू शकत नाही, म्हणून गारव्याचा तळ किती, हे अशा मोजमापांनी प्रत्यक्ष कळते. याच गटाने २००६ मध्ये महास्फोटानंतर सुमारे दीड अब्ज वर्षांच्या वायूत हायड्रोजनचा रेणू पाहिला. पण त्या वायूत धातू (खगोलशास्त्रात हेलियमहून जड ती सगळी मूलद्रव्ये) आणि धूळ आधीच मिसळलेली. तो रेणू आजच्या पद्धतीने जुळलेला. इलेक्ट्रॉनच्या जुन्या कारखान्यातला नव्हे.

नारायणगावजवळ खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्यांनी आदिविश्वातल्या हायड्रोजन अणूची २१ सेंटीमीटरची लहर शोधून पाहिली. आजवर हाती आली आहे ती वरची मर्यादा. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘एजेस’ प्रयोगाने ७८ मेगाहर्ट्झला ही खूण सापडल्याचा दावा केला, आणि तिची खोली सर्वांत मोठ्या अपेक्षेच्याही दुपटीहून जास्त निघाली. ते खरे असते तर वायू रेणूंनी किंवा प्रसरणाने होईल त्यापेक्षा थंड होता असे मानावे लागले असते. कृष्णद्रव्याने तो थंड केला असा प्रस्ताव रेनन बरकाना यांनी लगेच दिला. रामन संशोधन संस्थेच्या ‘सरस-३’ने कर्नाटकातल्या तलावांवर उपकरण तरंगत ठेवून मोजले, तेव्हा ती खूण दिसली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाने ‘एजेस’ची खूण ९५ टक्के खात्रीने नाकारली. दावा मागे घेतलेला नाही. त्याच्यावर विसंबून कोणी फार पुढे जात नाही, एवढे म्हणता येईल.

पुरावा कुठून येईल

आदिविश्वातला एकही रेणू जागच्या जागी पाहिलेला नाही. २८ मायक्रॉनची ती लहर आपल्यापर्यंत येताना अर्ध्या मिलिमीटरहून लांब झालेली असेल, आणि एका गोळ्यातून येणारा तिचा प्रकाश आजच्या कोणत्याही दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. जेम्स वेबने भिंगासारख्या दीर्घिकापुंजांआडून पहिल्या ताऱ्यांचे काही उमेदवार दाखवले आहेत. एलएपी-१ नावाच्या क्षीण ठिपक्यात धातुविरहित तारे असावेत असा दावा आहे. पण तो बराच उशिराच्या काळातला, रेणूंनी थंड केलेल्या अगदी पहिल्या गोळ्यांचा नव्हे.

म्हणून बरीच भिस्त आपल्या आकाशगंगेतल्या म्हाताऱ्या ताऱ्यांवर आहे. सिंह राशीत २०११ मध्ये सापडलेल्या एका ताऱ्यात धातू इतके कमी आहेत की तसा लहान तारा कार्बन-ऑक्सिजनच्या गारव्याने जन्मणे अवघड, आणि अशा ताऱ्यांचा वायू धुळीने थंड केला असे मानणारा पक्ष त्यामुळे बळकट झाला. २०२३ मध्ये चीनच्या लॅमोस्ट सर्वेक्षणातल्या एका ताऱ्यात सूर्याच्या २६० पट वस्तुमानाच्या पूर्वजाच्या स्फोटाची खूण असल्याचे जाहीर झाले. वर्षभरात इतर गटांनी वर्णपट पुन्हा मोजून ते वाचन बदलले. तबकडी फुटून निघालेल्या तुकड्यांपैकी सूर्याच्या आठ दशांशाहून लहान तारे आजही जळत असायला हवेत, आणि त्यांच्यात हायड्रोजन-हेलियमशिवाय जवळजवळ काहीच नसेल. आजवरच्या शोधांत असा एकही तारा मिळालेला नाही. एक मिळाला तरी लहान ताऱ्यांचा पक्ष सिद्ध होईल. न मिळाल्याने मोठ्यांचा होत नाही, कारण आकाशगंगेतून फिरताना त्याच्या पृष्ठभागावर धातूंची पुटे चढली असतील ही शंका तशीच राहते.